चाळीस खुर्च्या, एक लाइन: शेअर्ड ऑफिसात नेट वाटायचं कसं

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या ज्या गाळ्यात मी बसतो तिथे आधी लेथ मशिनं होती, आता ४० खुर्च्या आहेत. मालक काकांनी मशिनं विकली, पीओपी केलं, एसी लावले आणि गाळ्याचं कोवर्किंग झालं. मी वेबसाइटची कामं करतो, खुर्चीचं भाडं थोडं कमी करून घेतलं आणि त्या बदल्यात ऑफिसच्या नेटची जबाबदारी अंगावर घेतली. हा सौदा महागात पडलाय हे मला पहिल्याच सोमवारी कळलं.

सकाळचे अकरा दहा. खिडकीजवळच्या टेबलावर एक ताई दुबईच्या क्लायंटशी व्हिडिओ कॉलवर होत्या, त्यांचं "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का" सुरू झालं, मग त्यांच्या मागच्या टेबलावर तेच, मग सीएवाल्यांच्या केबिनमधून कोणीतरी ओरडलं की पोर्टल उघडत नाहीये, आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे. कोपऱ्यात आमचा व्हिडिओ एडिटर मात्र हेडफोन घालून निवांत, कारण त्याचं मस्त चाललं होतं, घोडबंदर रोडच्या कुठल्याशा हॉलमधल्या लग्नाचं ४० जीबी फुटेज तो क्लाउडवर चढवत होता. काका आले, म्हणाले, "अरे, प्लॅन वाढवूया का?" आता गंमत अशी की प्लॅन दोन महिन्यांपूर्वीच १०० चा ३०० केला होता, आणि तक्रार तीच, वेळ तीच, माणसंही तीच.

म्हणजे पाणी दुसरीकडेच मुरत होतं. ते कुठे, हे शोधताना मी जे काही शिकलो ते इथे साध्या भाषेत लिहितोय, कोणाच्या ऑफिसात, क्लासमध्ये, पीजीमध्ये नाहीतर सोसायटीच्या कॉमन वायफायवर हीच रडारड चालू असेल तर कामाला येईल.

आधी दोन बारीक गोष्टी, पटकन. प्लॅनवर लिहिलेला आकडा सेकंदाला किती मेगाबिट (एमबीपीएस) असा असतो आणि फाइलची साइज मेगाबाइटमध्ये, आठ बिटचा एक बाइट, त्यामुळे ३०० च्या लाइनवर डाउनलोड ३७ च्या आसपास दिसला तर केबलवाल्याशी भांडू नका, तो बरोबर आहे. दुसरं म्हणजे खाली येणारा रस्ता आणि वर जाणारा रस्ता वेगळे. आमच्या प्लॅनमध्ये खाली ३०० आणि वर फक्त ५०. सगळे ३०० बघून खूश होते आणि कॉल तुटत होते ते त्या ५० मुळे, कारण व्हिडिओ कॉलला तुमचा चेहरा वरही पाठवावा लागतो.

काकांची पहिली आयडिया अगदी सरळ होती. "चाळीस जण आहेत ना, समान वाटे घाल." ऐकायला एकदम न्याय्य. करून बघू. खाली ३०० भागिले ४०, म्हणजे माणशी ७.५. वर ५० भागिले ४०, म्हणजे माणशी सव्वा एमबीपीएस. चांगल्या क्वालिटीच्या व्हिडिओ कॉलला दोन-तीन तरी लागतात, म्हणजे ताईंचा कॉल आता कायमचाच धुरकट, बाकी ऑफिस रिकामं असलं तरी. आणि एडिटरचे ४० जीबी? ४० जीबी म्हणजे ३,२०,००० मेगाबिट, सव्वाने भागा, २,५६,००० सेकंद, ७१ तास. अख्खी लाइन त्याला दिली तर हेच काम पावणेदोन तासांत होतं. म्हणजे रात्री ऑफिसात कुत्रं नसताना, ५० पैकी पावणेएकोणपन्नास वाया जात असताना, त्याची फाइल तीन दिवस चढत बसणार. वाया गेलेलं नेट साठवून ठेवता येत नाही हो, आत्ताच्या सेकंदात नाही वापरलं तर गेलं. बऱ्याच ठिकाणी नेमकं हेच करून ठेवलेलं असतं, राउटरच्या सेटिंगमध्ये प्रत्येकाला एक फिक्स आकडा, आणि वर लोकांना सांगतात की आम्ही सगळ्यांना सारखं देतो. माझ्या मते वाटपाची सगळ्यात आळशी पद्धत ही.

तरी मुळात ४० माणसांना ही लाइन पुरते कशी? तर सगळे एकाच क्षणी ओढत नाहीत म्हणून. कोणी मेल वाचतोय, कोणी चहा पितोय, कोणी एक्सेलमध्ये डोकं घालून बसलाय. रेल्वे पास देताना सीट मोजून देत नाही, तसंच आहे हे. पास सगळ्यांकडे असतो, सीट ठाण्याहून सकाळच्या फास्टला चढणाऱ्याला मिळत नाही ही गोष्ट वेगळी. नेट कंपन्याही साधा ब्रॉडबँड असाच विकतात, एकच पाइप बऱ्याच घरांत. ज्यात पूर्ण स्पीड फक्त तुमचाच, ती लीज्ड लाइन, तिचा भाव ऐकून काकांनी विषय बदलला होता.

मग वाटायचं कसं? इथे मला पंगत आठवली. चार जण बसलेत, ४० जिलब्या आहेत. समान वाटल्या तर प्रत्येकी दहा. पण आजीला दोनच पाहिजेत, डायबेटिसवाल्या काकांना सहा (त्यांनाही नकोच खरं तर, पण ऐकतात कोण), आणि दोन भाचे जेवढ्या येतील तेवढ्या खाणारे. शहाणा वाढपी काय करतो, आजीला दोन, काकांना सहा, उरल्या ३२, त्या दोन भाच्यांना सोळा-सोळा. ज्याला थोडं हवंय त्याला ते पूर्ण मिळालं, आणि जास्त हवं असणाऱ्यांनी उरलेलं सारखं वाटून घेतलं. ताटात काही उरलं नाही आणि आजीला कोणी उपाशी ठेवलं नाही. नेटवर्कवाले याला मॅक्स-मिन फेअरनेस म्हणतात, म्हणजे ज्याचा वाटा सगळ्यात कमी आहे त्याचा वाटा आधी होईल तेवढा मोठा करायचा, मग पुढच्याचा. बँडविड्थ, म्हणजे लाइनची क्षमता, तिच्या वाटपाचा अर्ध्याहून अधिक विषय या जिलब्यांमध्येच आहे.

हे राउटरला शिकवायचं कसं, त्याला काय माहीत कोणाला किती हवंय. त्याचं उत्तर जॉन नेगल नावाच्या माणसाने १९८५ मध्ये लिहिलं, तो तेव्हा फोर्ड एरोस्पेसमध्ये होता, हो, ती गाड्यांवाली फोर्डच, तिची एक शाखा. नेटवर सगळं छोट्या छोट्या पुड्या बांधून जातं, त्यांना पॅकेट म्हणतात, साधारण १५०० बाइटची एक पुडी. नेगल म्हणाला सगळ्यांच्या पुड्या एका रांगेत उभ्या करू नका, प्रत्येकाची वेगळी रांग करा आणि वाढपी जसा पंगतीत एकेकाला एकेक पोळी टाकत पुढे जातो तसं प्रत्येक रांगेतून एकेक पुडी उचला. ज्याची रांग रिकामी त्याला ओलांडून पुढे. झालं, कोणाला विचारायलाच नको, आजीच्या ताटात पोळी आहे म्हणजे तिला नकोय.

एक खोट राहिली होती, ज्याच्या पुड्या मोठ्या तो फायद्यात. १९८९ मध्ये डेमर्स, केशव आणि शेंकर या तिघांनी बिटच्या हिशोबाने वाटणी कशी करायची ते दाखवलं, पण ते राउटरला जड जायचं, प्रत्येक पुडीमागे बरंच गणित. मग १९९५ मध्ये श्रीधर आणि जॉर्ज वर्गीस यांनी ते स्वस्तात बसवलं, आणि वर्गीस हे आपल्या पवईच्या आयआयटीत शिकलेले, म्हणजे वागळे इस्टेटपासून दुपारच्या ट्रॅफिकमध्येसुद्धा फार लांब नाही. त्यांची युक्ती किराणा दुकानाच्या वहीसारखी आहे: प्रत्येक फेरीत प्रत्येकाच्या खात्यात ठरावीक बाइट जमा, तेवढ्यात पुडी बसली तर पाठव, नाही बसली तर जमा पुढच्या फेरीला ओढ, आणि ज्याची रांग रिकामी झाली त्याचं खातं शून्य, म्हणजे कोणी तासभर गप्प बसून नंतर हक्काने अख्खी लाइन मागू शकत नाही. डेफिसिट राउंड रॉबिन हे त्याचं नाव.

आणि हे काहीच न करता सोडलं तर? तर ज्याचा आवाज मोठा त्याचं राज्य, पूर्ण नाही पण बरंचसं. सध्या जे थोडंफार आपोआप वाटलं जातं ते तुमच्या-माझ्या लॅपटॉपच्या भिडस्तपणामुळे. यामागची गोष्ट मजेशीर आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली लॅब आणि बर्कली विद्यापीठ, मध्ये अंतर ४०० यार्ड, म्हणजे तीन हात नाक्यावरच्या सिग्नलला उभ्या गाड्यांची रांगसुद्धा कधीकधी त्याहून लांब असते, तर त्या दोघांमधलं नेट सेकंदाला ३२,००० बिटवरून ४० बिटवर आलं. ४० बिट म्हणजे सेकंदाला पाच अक्षरं, पोस्टकार्ड वाचून दाखवलं असतं तर लवकर झालं असतं. झालं असं की पुडी मिळाल्याची पोच पलीकडून आली नाही की कॉम्प्युटरला वाटायचं पुडी हरवली, तो तीच परत पाठवायचा, त्याने गर्दी अजून वाढायची, मग अजून पोच उशिरा, अजून पुड्या. व्हॅन जेकबसन नावाच्या संशोधकाने १९८८ मध्ये उपाय मांडला: सुरुवात हळू करा, हळूहळू वेग वाढवा, आणि पुडी हरवली की समजा पुढे गर्दी आहे, निमूटपणे वेग कमी करा. आजही तुमचे बहुतेक डाउनलोड साधारण याच शिस्तीत चालतात.

पण हा भिडस्तपणा प्रत्येक कनेक्शनचा (म्हणजे तुमचा लॅपटॉप आणि पलीकडची वेबसाइट यांच्यातल्या एकेका जोडणीचा) आहे, माणसाचा नाही, आणि पळवाट तिथेच आहे. तुम्ही एका कनेक्शनने फाइल उतरवताय आणि शेजारचा डाउनलोड मॅनेजर लावून सोळा कनेक्शनने, तर लाइनचे साधारण १७ भाग होतात आणि १६ त्याच्याकडे जातात. त्याने काही चोरी केली नाही, सगळी कनेक्शनं सभ्यच आहेत. पंगतीत एकच माणूस सोळा पाटांवर सोळा रुमाल टाकून बसला तर वाढपी तरी काय करणार.

म्हणून खरा प्रश्न, आणि यावर आमच्याकडे दोन वेळा चहा संपेपर्यंत वाद झाला, समान म्हणजे कोणा-कोणात समान? कनेक्शन-कनेक्शनमध्ये केलं तर सोळा रुमालवाला जिंकतो. डिव्हाइस-डिव्हाइसमध्ये केलं तर ज्याच्याकडे लॅपटॉप, फोन, टॅब आणि अजून एक ऑफिसचा लॅपटॉप तो चार वाटे घेतो, आणि आमची ताई एकाच जुन्या लॅपटॉपवर. माणसा-माणसात करायचं तर कोणतं डिव्हाइस कोणाचं ते कळायला पाहिजे, हल्लीचे फोन वायफायला स्वतःची ओळख बदलून सांगतात, त्यामुळे मग लॉगिन किंवा व्हाउचर ठेवावं लागतं आणि लोक कंटाळतात. आणि कंपनी-कंपनीमध्ये केलं तर आठ खुर्च्यांचे पैसे भरणारे सीएवाले म्हणतात आम्हाला एकट्या एडिटरएवढाच वाटा का. यातलं कुठलंच उत्तर मशीन देत नाही, ते मालकाला ठरवावं लागतं. आम्ही ठरवलं की खुर्च्यांच्या प्रमाणात कंपनीला वाटा आणि कंपनीच्या आत डिव्हाइसमध्ये समान, आतलं भांडण ज्याचं त्याने बघावं.

आता तुम्ही म्हणाल झालं की मग, वाटणी नीट केली, कॉल सुधारले असतील. नाही सुधारले! इथे मी दोन आठवडे डोकं आपटलं.

एका दुपारी ऑफिस जवळजवळ रिकामं होतं, शनिवार होता. मी लॅपटॉप केबलने थेट लावला आणि काळ्या स्क्रीनवर पिंग चालू केलं, पिंग म्हणजे एक चिमुकली पुडी पाठवायची आणि परत यायला किती वेळ लागतो ते बघायचं. ९ मिलिसेकंद, ८, ११, ९. छान. मग एडिटरला म्हटलं, "दादा, कर चालू तुझं अपलोड." तीन-चार सेकंद काही नाही. मग ४०. १८०. ४१०. ६४०. ७९०. आणि तिथेच ८०० च्या आसपास बसलं. त्याने अपलोड थांबवलं की परत ९. ऑफिसात आम्ही दोघंच, नेट भरपूर, आणि माझ्या एका चिमुकल्या पुडीला जाऊन यायला पाऊण सेकंद. फोनवरच्या बोलण्यात एका बाजूने दीडशे मिलिसेकंदांपर्यंत उशीर असेल तर माणसाला जाणवत नाही, त्यापुढे दोघं एकमेकांच्या वाक्यावर वाक्य टाकायला लागतात, मग "तुम्ही बोला, नाही तुम्ही बोला". पाऊण सेकंदात तर संभाषणच होत नाही.

कारण कळलं तेव्हा हसू आलं. नेट कंपनीच्या डब्यात आणि त्यांच्या पुढच्या मशीनमध्ये पुड्या थांबायला जागा असते, बफर म्हणतात त्याला. मेमरी स्वस्त झाली तशी ही जागा वाढवत गेले, हेतू चांगला, की पुडी हरवू नये. समजा त्यात पाच मेगाबाइट मावतात. म्हणजे ४० मेगाबिट, आणि पुढे रस्ता ५० चा. भरला की रिकामा व्हायला ०.८ सेकंद. आणि एडिटरचं अपलोड, जेकबसनच्या शिस्तीप्रमाणे, पुडी हरवेपर्यंत वेग वाढवत राहतं, पुडी तर हरवतच नाहीये कारण गोदाम मोठं आहे, त्यामुळे ते गोदाम कायम काठोकाठ. ताईंच्या आवाजाची पुडी केवढीशी, पण ती उभी त्या सगळ्या लग्नाच्या मागे. याला बफरब्लोट म्हणतात, जिम गेटिस नावाच्या इंजिनियरने २०१० च्या सुमारास स्वतःच्या घरचं नेट का रडतंय ते शोधताना हे चव्हाट्यावर आणलं. माझ्यापेक्षा पंधरा वर्षं आधी तोही असाच पिंग बघत बसला होता म्हणायचं.

म्हणून प्लॅन वाढवून फरक पडला नव्हता. घोडबंदरला गायमुखच्या घाटात ट्रेलरांची रांग लागलीये आणि तुमची स्कूटर त्यांच्या मागे आहे, तर इकडे माजिवड्याला रस्ता आठ पदरी केला काय आणि दहा पदरी, तुम्ही घाटात तेवढेच थांबणार.

यावरचा उपाय उलटा वाटतो. आपला स्पीड आपणच थोडा कमी करायचा. कंपनी ५० देते ना, आपल्या राउटरला सांगायचं की ४६ च्या वर जाऊच नकोस. मग कंपनीच्या डब्यात रांग लागतच नाही, रांग आपल्या राउटरमध्ये लागते, आणि आपल्या दारातली रांग कशी लावायची ते आपल्या हातात असतं. घाटात शिरल्यावर कोणाला पुढे काढणार, पण सोसायटीच्या गेटवर ट्रेलर थांबवून स्कूटर आधी सोडता येते. मी चार एमबीपीएस सोडतोय म्हटल्यावर काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, "पैसे ५० चे भरतो आणि ४६ वापरायचे?" हो काका.

आणि दारातल्या रांगेसाठी तयार वस्तू आहे, फुकट. कॅथलीन निकोल्स आणि तोच व्हॅन जेकबसन, यांनी २०१२ मध्ये कोडेल नावाची पद्धत आणली, ती रांग किती लांब आहे ते बघत नाही, पुडी रांगेत किती वेळ उभी होती ते बघते. सतत १०० मिलिसेकंद सगळ्याच पुड्या पाचपेक्षा जास्त मिलिसेकंद उभ्या राहताना दिसल्या की ती मुद्दाम एखादी पुडी टाकून देते, मोठ्या अपलोडला वाटतं पुढे गर्दी आहे, ते वेग कमी करतं, रांग ओसरते. याला वरची पंगत जोडली की झालं एफक्यू-कोडेल, आणि त्याचा पुढचा भाऊ केक, जो २०१८ पासून लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आहे आणि आधी डिव्हाइसमध्ये, मग डिव्हाइसच्या आत कनेक्शनमध्ये वाटणी करतो, म्हणजे सोळा रुमालवाल्याचा बंदोबस्त. ज्यांच्याकडे मायक्रोटिकचा राउटर आहे, आणि आपल्याकडे केबलवाल्यांपासून सायबर कॅफेपर्यंत कुठे ना कुठे तो असतोच, त्यांना व्हर्जन सातपासून हे दोन्ही मेनूमध्येच मिळतं. जुन्या व्हर्जनला पीसीक्यू आहे, तो प्रत्येक आयपीची, म्हणजे डिव्हाइसच्या नेटवरच्या पत्त्याची, वेगळी रांग लावतो, वाटणी बरी करतो पण रांगेच्या लांबीकडे तसं लक्ष देत नाही.

यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे "व्हिडिओ कॉलला प्रायोरिटी दे" असं वेगळं सांगावंच लागत नाही. ज्याची रांग नुकतीच सुरू झाली, ज्याला थोडंसंच हवंय, त्याला हा वाढपी आधी वाढतो. लोणचं मागणाऱ्याला चालता चालता वाढून टाकतात आणि भाताची ज्याची तिसरी वेळ त्याला म्हणतात आलो हां, तसं. आवाज, टायपिंग, वेबसाइटचा पहिला क्लिक, हे सगळे लोणचंवाले. उलट प्रायोरिटी हाताने लावायला गेलं की व्हीआयपी दर्शनाची रांग होते, व्हीआयपी येतच राहिले तर धर्मदर्शनवाले हलतच नाहीत, आणि आता जवळपास सगळंच एन्क्रिप्टेड जातं त्यामुळे खरा व्हीआयपी कोण ते राउटरला ओळखताही येत नाही.

खाली येणाऱ्या डेटाचं जरा अवघड आहे, तिथे रांग कंपनीच्या बाजूला लागते, आपण फक्त आपल्याकडे आलेल्या पुड्यांना उशीर करून किंवा एखादी टाकून पलीकडच्याला इशारा देऊ शकतो. त्यामुळे तिथे जरा जास्त मोकळी जागा सोडायची, आम्ही ३०० चे २७० धरलेत.

आता गॅरंटी आणि कमाल मर्यादा. ऑफिसात बसणाऱ्या प्रत्येक कंपनीला दोन आकडे द्यायचे: गर्दीतही एवढं नक्की मिळेल, आणि रिकामं असेल तर इथपर्यंत घेता येईल. मायक्रोटिकमध्ये लिमिट-ॲट आणि मॅक्स-लिमिट. आठ खुर्च्यांच्या सीएवाल्यांना वरच्या दिशेने ४६ चा पाचवा भाग, ९.२ नक्की. एडिटरला एका खुर्चीचे १.१५ नक्की, पण कमाल पूर्ण ४६. सगळ्या गॅरंट्यांची बेरीज लाइनपेक्षा जास्त होऊ द्यायची नाही, नाहीतर तो बिल्डरने एकच पार्किंग तिघांना विकल्याचा प्रकार होतो, ऑफिसात कोणाला पत्ता लागत नाही, गाड्या आल्या की लागतो.

हे दोन आकडे पाळायला राउटर बादली वापरतो, खरंच तिला टोकन बकेट असंच नाव आहे. नळाची धार ठरलेली, खाली बादली. वापरलं नाही तर बादली भरते, काठाच्या वर गेलं ते वाया. मग एकदम लागलं तर भरलेली बादली पटकन ओतता येते, त्यानंतर मात्र धारेएवढंच. ब्राउझिंगला हे फार छान, पान चटकन उघडतं. पण काही ठिकाणी बादली मुद्दाम मोठी ठेवतात, स्पीड टेस्ट पहिल्या दहा सेकंदांत झकास आकडा दाखवते आणि मिनिटभराने खरी धार दिसते, त्यामुळे कुठे खुर्ची भाड्याने घेण्याआधी स्पीड टेस्ट करत असाल तर एखादी मोठी फाइल दोन-तीन मिनिटं चढवून बघा, आणि चढत असताना पिंग बघा.

महिन्याचा कोटा, म्हणजे एवढे जीबी संपले की स्पीड कमी, हा मोबाइल प्लॅनसाठी ठीक असेल, ऑफिसात मला पटत नाही. एडिटरने रात्री दोनला ४० जीबी चढवले तर कोणाचं काय बिघडलं? आणि सकाळी अकराला दोनच जीबी चढवले तरी सगळ्यांचं बिघडतं.

एवढं सगळं करूनसुद्धा एक कोपरा रडत होताच, पॅन्ट्रीजवळचा. तिथला प्रश्न लाइनचा नव्हताच, हवेचा होता. वायफायमध्ये एका चॅनलवर एका वेळी एकच बोलू शकतो, आणि जुना हिशोब असा की प्रत्येकाला बोलायची पाळी सारखी, वेळ सारखी नाही. जवळ बसलेला चांगला लॅपटॉप ३०० च्या वेगाने बोलतो, १५०० बाइटची पुडी ०.०४ मिलिसेकंदात संपवतो. लोखंडी कपाटाच्या पलीकडचा जुना लॅपटॉप सिग्नल नसल्याने ६ च्या वेगाने बोलतो, तीच पुडी, २ मिलिसेकंद. पन्नासपट वेळ. पाळ्या सारख्या, त्यामुळे सगळे त्याच्या वेगावर येतात, तिकिटाच्या खिडकीवर पुढचा माणूस सुट्टी नाणी मोजत बसला की मागे यूपीआयवाला कितीही फास्ट असून काय उपयोग. याचा उपाय म्हणजे पाळीऐवजी वेळ सारखी वाटायची, बऱ्याच ॲक्सेस पॉइंटमध्ये (वायफाय देणाऱ्या डब्यात) एअरटाइम फेअरनेस नावाचा पर्याय असतो, तो चालू करा. त्याहून बरं, जे डेस्कटॉप जागेवरून हलत नाहीत त्यांना केबल द्या, तेवढी हवा मोकळी. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि आमच्या बिल्डिंगमध्ये वीस तरी वायफाय दिसतात, म्हणून लॅपटॉप सगळे ५ गिगाहर्ट्झवर हलवले. आणि कपाट हलवलं. लेथच्या काळातलं कपाट, चार माणसं लागली.

आता सोमवारी अकराला साधारण नऊ कॉल चालू असतात, वर २२-२३ जातात, पिंग १५-२० च्या पुढे जात नाही. ताईंनी नेटबद्दल बोलणं सोडलंय, हीच पावती समजतो. नाराज आहे तो फक्त एडिटर, आणि त्याचं चुकीचं नाही. पूर्वी सगळ्यांच्या उरावर बसून त्याचं काम पावणेदोन तासांत व्हायचं, आता गर्दीच्या वेळी त्याला उरलेले २३-२४ मिळतात आणि पावणेचार तास लागतात. त्याला म्हटलं रात्री लाव, ४६ पूर्ण तुझे, दोन तासांत होतं.

त्याने ऐकलं. संध्याकाळी साडेसातला अपलोड लावलं, मशीन चालू ठेवलं, घरी गेला. आठ वाजता काका निघाले आणि निघताना लेथच्या काळापासूनच्या सवयीने गाळ्याचा मेन स्विच पाडला. सकाळी आम्ही बघितलं तर दहा जीबीवर अडकलेलं. आता राउटरच्या रॅकला आणि एडिटरच्या टेबलाला वेगळी लाइन ओढलीये, मेन बोर्डावर काकांनी स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवलाय, "डावीकडचे बटण बंद करू नये", आणि रोज संध्याकाळी ते त्या बटणासमोर दोन सेकंद थांबतात, मग दिवा बंद करून शटर ओढतात.